तुमचे प्रश्न : सूपचं जुनं भांडं आणि येळवणी

प्रश्न : नव्या घरात सहा जणांचं जेवणाचं टेबल आलंय. मधोमध ठेवायला चिनी मातीचं, झाकणाचं जुनं सूपचं भांडं, म्हणजे ट्युरीन, घ्यावं म्हणते. संभाजीनगरला एका दुकानात दोन बघितली. एक निळ्या नक्षीचं, बुडाला ‘मेड इन इंग्लंड’, पण झाकणाची कड एके ठिकाणी फुटलेली वाटते. दुसरं पांढरं, सोनेरी काठाचं, उथळ, झाकण अखंड. दुकानदार म्हणतो दोन्ही शंभर वर्षांवरची, निजामाच्या घरातली. कुठलं घेऊ? होळीला त्यात येळवणी वाढता येईल का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : ताई, निळ्याकडे माझा कल आहे. पण आधी त्या ‘फुटक्या’ कडेवरून बोट फिरवा. गुळगुळीत लागली आणि वरची चकाकी तिथंही असली, तर ती फूट नव्हे. झाकण लावल्यावर ओगराळ्याचा दांडा बाहेर राहावा म्हणून ठेवलेली खाच आहे ती. खरी फूट असेल तर बोटाला खरखर लागते, आतली कोरी माती दिसते. नांदेडला एका घरी असल्या खाचेपायी झाकण भंगारात गेलं आणि भांड्यात तुळस लागली. तुळस मात्र छान आलीय.

पांढरं उथळ भांडं बहुधा भाजी वाढायचं असावं. दिसायला देखणं, पण रस्सा त्यात हिंदकळणार. सूपचं भांडं पोटाला खोल असतं, दोन बाजूंना कान आणि असलीच तर खाली जोडीची ताटली.

वयाचं म्हणाल तर दुकानदाराला फार मनावर घेऊ नका. आयात मालावर मूळ देशाचं नाव हवं, असा अमेरिकेचा कायदा 1891 पासून लागू झाला आणि इंग्रजी भांड्यांवर ‘इंग्लंड’ दिसू लागलं. ‘मेड इन इंग्लंड’ ही अक्षरं बहुतेक विसाव्या शतकातली, त्यामुळे तुमचं भांडं 1950 चंसुद्धा असू शकेल. बुडाला पतंगासारखी चौकोनी खूण असती तर गोष्ट वेगळी. ती 1842 ते 1883 मधल्या, ब्रिटनमधल्या डिझाइन-नोंदणीची. शिवाय शंभर वर्षांवरच्या कलावस्तूंचा धंदा करायला 1972 च्या कायद्यानं परवाना लागतो. तो मागून बघा, भांड्याचं वय झटक्यात उतरेल. आणि निजामाच्या घरातलं म्हणत असेल तर कागद दाखव म्हणावं.

कानाजवळ नक्षी जुळत नसेल तर घाबरू नका. ती कागदावर छापून मग भांड्यावर उतरवायचे, तुकड्यांचा सांधा कुठंतरी दिसतोच. झाकण मात्र गोल फिरवून बघा. डुगडुगलं, किंवा त्याचा पांढरा रंग भांड्याच्या पांढऱ्याशी जुळला नाही, तर ते दुसऱ्याच भांड्याचं समजा आणि भाव पाडा. शेवटी हलकी टिचकी मारा. भद्द वाजलं तर कुठंतरी तडा आहे.

आता येळवणी. ती त्यात थेट ओतू नका. जुन्या चकाकीत आणि रंगात शिसं असू शकतं आणि चिंचेचा गरम कट ते ओढून घेतो. बिनकल्हईच्या पितळेत आंबट कळकतं, हे आपण जाणतोच. इथं मात्र चव बदलत नाही, म्हणून कळतही नाही. आतून बारीक तड्यांची जाळी पडली असेल तर साधं वरणसुद्धा नको, कारण त्या भेगांत अन्न मुरतं आणि धुऊन निघत नाही.

माझा उपाय साधा आहे. आत स्टीलचं पातेलं बसवा, येळवणी त्यात, झाकण वरून इंग्रजी. पाहुण्यांना पत्ता लागत नाही. फक्त दुकानात जाताना पातेलं सोबत न्या. या भांड्यांचं पोट फुगीर आणि तोंड आवळतं असतं, पोटात मावणारं पातेलं तोंडातून आत जाईलच असं नाही.