तांबडी की हिरवी? न्यू मेक्सिकोची प्रश्नोत्तरे

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याबद्दल वाचकांनी भरभरून विचारलं आहे. त्यातले काही प्रश्न घेतो.

मुलगा डॅलसला असतो, न्यू मेक्सिकोला जाऊ म्हणतो. आमच्याकडे फक्त अमेरिकेचा व्हिसा आहे. मेक्सिकोचा वेगळा काढावा लागेल का? (पुणे)

नाही, खुशाल जा. टेक्सास आणि अ‍ॅरिझोनाच्या मधलं न्यू मेक्सिको हे १९१२पासून अमेरिकेचंच एक राज्य आहे. हा घोळ खुद्द अमेरिकनांचाही होतो. ‘न्यू मेक्सिको मॅगझिन’ या मासिकात अशा किश्श्यांचं सदरच वर्षानुवर्षं चालत आलंय. पासपोर्ट मात्र हॉटेलात ठेवून फिरू नका. मेक्सिकोची हद्द जवळ असल्याने दक्षिणेकडच्या हायवेंवर तपासणीनाके आहेत. व्हाइट सँड्स नॅशनल पार्कहून लास क्रूसेस शहराकडे येताना असाच एक लागतो.

मुलं ८ आणि १२ वर्षांची आहेत. एकच ठिकाण निवडायचं तर कुठलं? (नाशिक)

व्हाइट सँड्स. सुमारे ७०० चौरस किलोमीटर पांढरीशुभ्र वाळू, तीही जिप्समची! ज्यापासून आपलं पीओपी बनतं तेच हे खनिज. जिप्सम पाण्यात विरघळतं, त्यामुळे एरवी ते पावसापाण्याबरोबर वाहून जातं. इथल्या टुलारोसा खोऱ्यातून मात्र एकही नदी बाहेर पडत नाही. डोंगरावरून उतरलेलं पाणी खोऱ्यातच साचतं, आटतं आणि मागे जिप्समचे स्फटिक ठेवून जातं. ऊन, थंडी आणि वारा त्यांचा चुरा करतात आणि वाऱ्याने त्याच्या टेकड्या होतात.

ही वाळू फारशी तापत नाही, त्यामुळे मुलांना अनवाणी बागडू द्या. प्लॅस्टिकची गोल घसरगाडी पार्कच्या दुकानात मिळते. तिच्या बुडाला मेण घासलं की सुसाट खाली येते. आत पिण्याचं पाणी मिळत नाही, म्हणून भरपूर सोबत न्या. आणि निघण्याआधी पार्कची वेबसाइट जरूर बघा. शेजारी क्षेपणास्त्रांची चाचणीभूमी आहे. चाचणी असली की रस्ता काही तास बंद ठेवतात. सूर्यास्त चुकवू नका, त्या वेळी सगळी वाळू गुलाबी-जांभळी दिसते.

आम्ही शुद्ध शाकाहारी. उपाशी तर राहणार नाही ना? (ठाणे)

उलट जिभेची चंगळ होईल, फक्त विचारून खा. इथे जेवण मागवलं की वेटर हमखास विचारतो, ‘तांबडी की हिरवी?’ म्हणजे ताटात कुठल्या मिरचीचा रस्सा घालू? दोन्ही हवे असतील तर ‘ख्रिसमस’ म्हणायचं. ऑगस्ट-सप्टेंबरात गेलात तर दुकानांबाहेर मिरच्या भाजताना बघा. जाळीच्या मोठ्या पिंपात पोतंभर हिरव्या मिरच्या ओततात, गॅसच्या ज्वाळेवर पिंप गरागरा फिरवतात. साली तडतडत काळ्या पडतात आणि वास पार रस्त्यापर्यंत येतो. मिरची मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगिजांनी ती आपल्याकडे आणली. तिच्या माहेरच्या बाजूला तिचं एवढं कौतुक पाहून मला फार बरं वाटतं.

आता सावधगिरी. मिरचीच्या रश्शात बऱ्याचदा डुकराचं मांस असतं. घेवड्याच्या उसळीत, गव्हाच्या टॉर्टियात आणि बिस्कोचितो नावाच्या बडीशेपेच्या स्वादाच्या बिस्किटांतही डुकराची चरबी असू शकते. ‘लार्ड आहे का?’ असं स्पष्ट विचारा. पुरीसारखी टम्म फुगणारी सोपापिया मधाबरोबर खातात. तीही विचारूनच घ्या.

आमच्या गावाजवळ खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिकडची तशीच व्हीएलए दुर्बीण मुद्दाम बघावी का? (नारायणगाव)

तुम्ही तर बघायलाच हवी! जीएमआरटीच्या ३० तबकड्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, व्हीएलएच्या २७ तबकड्या २५ मीटरच्या. दोन्हींची मांडणी इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी. फरक असा की खोडदच्या तबकड्या जागच्या हलत नाहीत, व्हीएलएच्या मात्र रुळांवरून हलवतात. कधी सगळ्या किलोमीटरभरात दाटीने उभ्या, तर कधी ३६ किलोमीटरवर पसरलेल्या. तबकड्या लांब पसरल्या की आकाशातला बारीक तपशील टिपता येतो, जवळ आणल्या की विरळ, पसरट गोष्टी नीट दिसतात. सोकोरो गावापासून ८० किलोमीटरवर, ओसाड पठारावर हे सगळं उभं आहे. गाडीची टाकी सोकोरोतच भरून घ्या.

आई-बाबा सत्तरीचे आहेत. सांता फे झेपेल का? (कोल्हापूर)

शहर पायी फिरण्यासारखं आहे, पण उंची लक्षात घ्या. कळसूबाई १,६४६ मीटर, सांता फे जवळजवळ २,२००! पहिल्या दिवशी धाप लागू शकते. तो दिवस मोकळा ठेवा, पाणी पीत राहा. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. दुसऱ्या दिवशी १६१०च्या सुमाराचा गव्हर्नरांचा वाडा आणि त्याच्या ओसरीत बसलेले आदिवासी कारागीर बघा. चांदी-फिरोजाचे दागिने बनवणाऱ्याच्याच हातून घेता येतात.

अल्बकर्की शहरातला गरम हवेच्या बलूनांचा महोत्सव खरंच एवढा भारी असतो? (नागपूर)

हो! १९७२मध्ये १३ बलूनांनी सुरुवात झाली, आता पाचशेच्या वर असतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीला अल्बकर्कीत पहाटे खालचा वारा बऱ्याचदा दक्षिणेकडे वाहतो आणि वरचा उत्तरेकडे. म्हणून कसलेला चालक उंची बदलत बलून पुन्हा निघाल्या जागेजवळ आणू शकतो. वारा जोराचा असला तर उड्डाण रद्द होतं, तेव्हा हाताशी दोन सकाळी ठेवा. हॉटेलं फार आधी भरतात. स्वेटर आणि कानटोपी न्याच, पहाटे चांगलीच थंडी असते.