फोटो रोज येतो, आई चालत नाही

प्रश्न: ताई, मी ४१ वर्षांचा, नोकरीनिमित्त बंगळुरूला असतो. आई (वय ७४) सांगलीजवळच्या गावी दादा-वहिनींकडे असते. गेल्या वर्षी ती पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं. वहिनींनी तिचं सगळं मनापासून केलं. मला लांब राहून अपराधी वाटायचं, म्हणून दर महिन्याला १२,००० रुपये दादाच्या खात्यावर पाठवायला लागलो. फिजिओथेरपिस्टनं आईला रोज दोनदा चालवायला सांगितलंय. त्यात खंड पडू नये म्हणून चार महिन्यांपूर्वी मी ठरवलं, की चालवल्याचा फोटो व्हॉट्सॲपवर आला की त्या दिवसाचे १०० रुपये वेगळे. फोटो न चुकता येतात. पण आई म्हणते, "उंबऱ्यापर्यंत नेतात, फोटो काढतात, परत बसवतात." मागच्या महिन्यात मी आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला सांगितलं, तर वहिनी म्हणाल्या, "भावजी, ते ह्यात धरलेलं नाही." पूर्वी त्या असं कधीच बोलल्या नसत्या. पैशानं माणूस इतका बदलतो? पैसे बंद केले तर सगळं पहिल्यासारखं होईल का?

उत्तर: शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर सोपं आहे. नाही होणार.

इस्रायलमधल्या हैफा शहरात १९९८ साली उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १० पाळणाघरांवर २० आठवडे नजर ठेवली. काही पालक मुलांना न्यायला उशिरा यायचे आणि तिथल्या एखाद्या बाईला ताटकळत थांबावं लागायचं. पहिले चार आठवडे नुसतं मोजलं. मग सहा पाळणाघरांत नियम केला, की १० मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला तर १० शेकेल (तिथलं चलन) दंड. रक्कम किरकोळ होती. उशीर कमी होईल अशी तुमची-माझी अपेक्षा. झालं उलटं, उशिरा येणारे वाढत वाढत जवळजवळ दुप्पट झाले. आधी धापा टाकत दारात पोचायचं, बाईंची नजर चुकवायची, "आज फार अडकलो हो" म्हणायचं, ही सगळी भीड होती. दंड आला आणि भिडेचा भाव ठरला. १० शेकेल भरले की थांबायचं बिनधास्त. सतराव्या आठवड्यात दंड काढून टाकला. उशीर मात्र तसाच राहिला. पैसे भरणं थांबलं, पण गेलेली भीड काही परत आली नाही.

ही गोष्ट वहिनींना लागू पडते असं तुम्हाला वाटलं असेल. पण हैफात पैसे कोण भरत होतं, बघा. पालक. तुमच्या घरात पैसे कोण भरतं?

आता खरं सांगा. महिन्याचे पैसे सुरू झाल्यापासून गावी किती वेळा गेलात? पत्रात एकदाही उल्लेख नाही. "अपराधी वाटायचं" असं लिहिलंय तुम्ही, म्हणजे आता वाटत नाही. आणि डॉक्टरकडे "न्यायला सांगितलं" हेही तुमचेच शब्द. वर्षभरापूर्वी तुम्ही म्हणाला असता, "वहिनी, जमेल का हो?" विचारण्याचं सांगणं कधी झालं, ते तुमच्याही लक्षात आलेलं नाही. वहिनींच्या लक्षात आलं. तुम्ही मालकासारखं सांगितलंत, त्यांनी कामगारासारखं उत्तर दिलं.

फोटोचं म्हणाल, तर फ्रेंच अमलातल्या, आजच्या व्हिएतनाममधल्या हनोईमध्ये १९०२ साली सरकारनं उंदीर मारण्यासाठी बक्षीस लावलं. अख्खा उंदीर कोण मोजणार, म्हणून शेपटी आणा नि पैसे न्या. थोड्याच दिवसांत शहरात बिनशेपटीचे उंदीर हिंडताना दिसू लागले, कारण शेपटी कापून उंदीर सोडून दिला की त्याची पिल्लंही पुढं उपयोगी. तुम्ही शेपटी मागितलीत, शेपटी मिळतेय. सकाळी गॅसवर भाकरी, दारात दूधवाला आणि सासूबाईंचा हात धरून फोन सरळ पकडायचा. कुणीही उंबऱ्यापर्यंतच नेईल. मी याला लबाडी म्हणणार नाही.

आणखी एक. पत्रात वहिनी आहेत, आई आहे, तुम्ही आहात. दादा फक्त खात्यापुरता आहे! करणार वहिनी, जमा होणार दादाच्या नावावर. त्यातले किती त्यांच्या हातात पडतात हे तुम्ही विचारलंत का कधी?

"घरच्या माणसाला कसले पैसे" असं मी म्हणेन असं काही वाचकांना वाटत असेल. त्या वाक्याच्या जोरावर आपल्याकडे सुनांच्या पिढ्याच्या पिढ्या फुकट राबल्या, तेव्हा ते माझ्याकडून येणार नाही. १२,००० चालू ठेवा. ते वहिनींच्या खात्यावर जाऊ द्या आणि दादाला हे तुम्ही स्वतः सांगा, वहिनींच्या तोंडून नको. त्याचा हिशेब मागू नका. १०० रुपये आणि फोटो मात्र आजपासून बंद. तेही मेसेज टाकून नव्हे. फोन करा आणि म्हणा, "वहिनी, फोटो मागितला ते चुकलंच माझं. तुमच्यावर पाळत ठेवल्यासारखं झालं." एवढंच. पुढं "पण" जोडू नका.

आईला चालवण्याचं काम बाहेरच्या माणसाला द्या. तुम्ही फोटोंवर महिन्याला तीन हजार घालवतच होता, त्यात थोडी भर घालून गावातली एखादी बाई सकाळ-संध्याकाळ ठेवता येईल. फिजिओथेरपिस्टनं तिला एकदा नीट शिकवावं. ती पगारावर आली, तिच्याशी कामाचं बोलणं असलं तर त्यात कुणाला काही खुपणार नाही. सकाळी सासूबाई, संध्याकाळी पेशंट आणि महिनाअखेरीला बिल, अशा तिन्ही नात्यांनी सून एकाच माणसाशी कशी वागेल?

डोळ्यांच्या डॉक्टरकडे तुम्ही न्या. दोन दिवस रजा टाका. गेलात की आईला अंगणात तुमच्या हातानं फिरवा, म्हणजे त्या एका फेरीला किती वेळ लागतो ते कळेल.

जाताना वहिनींसाठी काही घेणार असाल, तर एक ऐकून ठेवा. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतला एक प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. चित्रं काढायला मुळातच आवडणाऱ्या काही मुलांना "काढलंत तर बक्षीस देऊ" असं आधी सांगितलं. पुढं त्यांचं आपणहून चित्र काढणं निम्म्यावर आलं. ज्यांना काढून झाल्यावर अचानक बक्षीस मिळालं, त्यांचं काही बिघडलं नाही. वहिनी काही बालवाडीत नाहीत, पण साडी कशाबद्दल आणली ते सांगत बसू नका. विचारलंच तर रंग आवडला म्हणा.