ब्रेसेसचा जोर किती? सॉफ्टवेअरच्या आधी लिगामेंट समजून घे

प्रश्न : मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ब्रेसेसमुळे दातांवर येणारा सुरक्षित जोर संगणकावर काढण्याच्या कामात मला करिअर करायचं आहे. सिम्युलेशन सॉफ्टवेअरचा कोर्स पुरेल का? की डेंटललाच जायला हवं होतं?

उत्तर : डेंटलचं मनाला लावून घेऊ नकोस, या कामात दोन्हीकडची माणसं लागतात. नुसता कोर्स मात्र पुरणार नाही. अ‍ॅन्सिस किंवा अबॅकस (Abaqus) या सिम्युलेशन सॉफ्टवेअरवर हात लवकर बसतो, रन दिला की रंगीत चित्रही येतं. फसगत होते ती तिथेच.

खरी मेख आहे दाताचं मूळ आणि हाड यांच्यामधल्या पेरिओडॉन्टल लिगामेंटमध्ये, म्हणजे दात हाडाला धरून ठेवणाऱ्या तंतूंच्या पातळ थरात. जाडी जेमतेम ०.२ मिलिमीटर. त्याचा यंग्ज मॉड्युलस (ताठरपणाचं माप) वेगवेगळ्या अभ्यासांत १ मेगापास्कलच्या आतपासून शेकडो मेगापास्कलपर्यंत धरलेला सापडतो! ते आधी सहज ताणलं जातं, मग ताठरतं, शिवाय जोर किती वेळ टिकला यावरही त्याचं वागणं ठरतं. तू आकडा कुठला घालतेस त्यावर उत्तर फिरतं.

‘सुरक्षित’ कशाला म्हणायचं, हे तर जीवशास्त्रच सांगतं. ऑर्थोडॉन्टिस्ट (वेडेवाकडे दात सरळ करणारे डॉक्टर) श्वार्त्झ यांनी १९३२ मध्ये मांडलं की लिगामेंटवरचा दाब केशवाहिन्यांतल्या रक्तदाबापुढे जाऊ नये. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २० ते २६ ग्रॅम. रक्तपुरवठा तुटला की तिथल्या पेशी मरतात, दात अडून बसतो आणि मूळ झिजण्याचा धोका वाढतो. अख्खा दात सरळ सरकवायला पाठ्यपुस्तकं ७० ते १२० ग्रॅम सांगतात, हिरडीच्या दिशेने आत दाबायला फक्त १० ते २०. कारण तेव्हा सगळा भार मुळाच्या टोकाशी एवढ्याशा जागेत एकवटतो.

तेव्हा नॉन-लिनिअर मटेरिअल्स (जोराच्या प्रमाणात न ताणले जाणारे पदार्थ) आणि न्यूमेरिकल मेथड्स पक्क्या कर, थोडं पायथन शीक, हाडाची झीज-भर कशी होते ते वाच. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला एकच सुळा घे. स्कॅनवरून थ्रीडी आकार काढणारं थ्रीडी स्लायसर आणि त्यावर ताण काढणारं फेबायो ही सॉफ्टवेअर्स मोफत मिळतात. लिगामेंटची तीन वेगवेगळी मूल्यं घालून ताण किती बदलतो ते बघ. सोबत एखादा ऑर्थोडॉन्टिस्ट सहमार्गदर्शक मिळाला तर फारच उत्तम.

नोकऱ्यांचं स्पष्ट सांगते : फक्त याच विषयाच्या जागा थोड्या. अलायनर (दातांवर बसणारे पारदर्शक साचे) आणि ब्रॅकेट (ब्रेसेसमध्ये दाताला चिकटवतात ते तुकडे) बनवणाऱ्या कंपन्या, संशोधन प्रयोगशाळा, बस्स. म्हणून मास्टर्स बायोमेकॅनिक्समध्ये कर. इम्प्लांट, सांधे ही दारंही उघडी राहतील. गाइड निवडताना मात्र एक बघ : त्यांच्याकडे मॉडेलचं उत्तर प्रत्यक्ष मोजमापाशी ताडून बघतात का.