गॅलेक्सी एस२५ अल्ट्रा की आयफोन १६ प्रो मॅक्स?

प्रश्न : मुलीचे नृत्याचे कार्यक्रम टिपायचे आहेत. फोन ५-६ वर्षं वापरेन. कोणता घेऊ?

उत्तर : फोटोच जास्त काढणार असाल तर गॅलेक्सी. ५ पट झूमची लेन्स दोन्हींत आहे, पण गॅलेक्सीत ३ पटीची वेगळी लेन्स मिळते. चौथ्या-पाचव्या रांगेतून बहुधा तीच कामी येते. आयफोन तिथे मुख्य कॅमेऱ्याचंच चित्र कापून मोठं करतो, अंधुक उजेडात चेहऱ्याचे बारकावे पुसट होतात. अपडेट्स ७ वर्षं, त्यामुळे ती काळजी नाही. पूर्ण ४५ वॉट वेगाने चार्जिंग हवं तर पीपीएस (फोनच्या गरजेप्रमाणे व्होल्टेज बदलणारा) चार्जर आणि ५ अँपिअरची केबल घ्या. साध्या चार्जरवर वेग घटतो.

व्हिडिओ संपादन करत असाल तर आयफोन! प्रोरेस (संपादनासाठी कमी दाबलेला, मोठ्या फाइलचा) व्हिडिओ थेट बाहेरच्या एसएसडीवर (जोडायच्या वेगवान स्टोरेज ड्राइव्हवर) उतरतो. फक्त डब्यातली केबल यूएसबी २ ची, म्हणजे हळू; तिथे ती चालत नाही, यूएसबी ३ ची लागते. मेमरी कार्ड कुठल्याच फोनला नाही, तेव्हा ५१२ जीबीच बघा.