मुख्यमंत्री असतानाच स्वतःच्या मतदारसंघात हरलेला, पण पक्षाला जिंकून दिलेला नेता कॅनडात कुठे आहे?

आहे. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातला व्हँकुव्हर-पॉइंट ग्रे मतदारसंघ, साल 2013. प्रांताच्या प्रीमियर (आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यांसारखं पद) क्रिस्टी क्लार्क इथे विरोधी एनडीपी (न्यू डेमोक्रॅटिक पार्टी) पक्षाच्या डेव्हिड ईबींकडून हरल्या. त्याच रात्री त्यांच्या लिबरल पक्षाने मात्र प्रांत जिंकला! मग केलोना भागातल्या एका आमदाराने जागा सोडली आणि पोटनिवडणुकीतून त्या सभागृहात परतल्या.

खरी गंमत त्याआधीची. गॉर्डन कॅम्पबेल 1996 पासून इथले आमदार आणि 2001 पासून प्रीमियर होते. ते पायउतार झाल्यावर 2011 ची पोटनिवडणूक क्लार्क यांनी थोडक्यात जिंकली, तीही ईबींविरुद्धच. दोन वर्षांत त्याच माणसाने हिशेब चुकता केला. पुढे 2022 मध्ये ईबी स्वतः प्रीमियर झाले. म्हणजे एकाच जागेचे ओळीने तीन आमदार, तिघेही प्रीमियर!

1986 मध्ये इथून दोन आमदार निवडले जात. त्यातल्या एक किम कॅम्पबेल, ज्या 1993 मध्ये कॅनडाच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. माझ्या मते इथल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचा परिसर आणि त्याला लागून असलेली सधन वस्ती, या मिश्रणामुळेच इथला मतदार कुणालाही गृहीत धरू देत नाही.