डगआउटशेजारी बसण्यापूर्वी

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

डरहॅम बुल्स या अमेरिकन बेसबॉल संघाच्या सामन्यात डगआउटशेजारी, म्हणजे खेळाडूंच्या मैदानालगतच्या बैठकीशेजारी, बसून छायाचित्रे काढण्याची परवानगी तुला मिळाली, हे वाचून मनापासून आनंद झाला. आजवर तू क्रिकेट सीमारेषेबाहेरून, लांबच्या लेन्सने टिपलेस. इथे बॅटर इतका जवळ असतो की ७०-२०० मिमीची लेन्स बहुतेक वेळा पुरते.

मात्र ही जवळीक धोक्याचीही आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्या बॅटरची छाती फर्स्ट बेसच्या, म्हणजे बॅटरच्या मागून मैदानाकडे पाहता उजव्या, बाजूला वळलेली असते, त्यामुळे त्याचा चेहरा आणि मनगटे टिपायला तिकडचीच जागा उत्तम. पण त्याची बॅट जरा उशिरा फिरली की फाउल बॉलही, म्हणजे बॅटला लागून खेळाच्या रेषांबाहेर गेलेला चेंडूही, बहुधा तिकडेच येतो. चेंडू फेकणाऱ्या पिचरपासून बॅटरपुढच्या होम प्लेटपर्यंतचे ६० फूट ६ इंच अंतर ताशी ९५ मैल वेगाचा चेंडू सुमारे ०.४ सेकंदात कापतो, आणि बॅटला लागून तुझ्याकडे वळलेला चेंडूही तुला फारसा अधिक वेळ देणार नाही. म्हणून पिचरने हात उचलल्यापासून चेंडूचा निकाल लागेपर्यंत कॅमेऱ्याच्या पडद्याकडे मुळीच पाहू नकोस. पिच क्लॉकमुळे, म्हणजे दोन चेंडूंमधला वेळ मोजणाऱ्या घड्याळामुळे, बेसवर कुणी धावपटू नसताना पिचरला जेमतेम पंधराएक सेकंद मिळतात. तेवढ्यात चित्रे तपासण्याचा मोह आवर आणि ती डाव संपल्यावर पाहा. समोर जाळी असेल तर लेन्स तिच्या अगदी जवळ नेऊन लेन्सचे छिद्र (ॲपर्चर) पूर्ण उघडे ठेव, म्हणजे जाळीचे दोरे चित्रात विरघळून जातात. क्षेत्ररक्षक फाउल झेलायला धावत आला, तर चित्राचा विचार सोडून आधी त्याला वाट करून दे.

बॅट आणि चेंडूची गाठ स्पष्ट हवी असेल तर शटर १/२००० सेकंदापेक्षा संथ ठेवू नये. संध्याकाळी अनेक मैदानांवर सूर्य होम प्लेटच्या मागे उतरतो आणि पिचरच्या चेहऱ्यावर सुंदर प्रकाश पडतो. तेवढा काळ बॅटरला सोडून पिचरकडे वळ.

माझ्या मते तुझ्या जागेचे खरे मोल फटक्यानंतर कळते. स्ट्राइकआउट होऊन, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद होऊन, परतणारा खेळाडू, त्याच्याशी एक शब्दही न बोलता जागा करून देणारे सहकारी, रेलिंगवर हनुवटी टेकवून पिचरचा अभ्यास करणारा राखीव कॅचर (बॅटरमागे बसून चेंडू झेलणारा), हे सारे स्टँडमधल्या प्रेक्षकाला दिसत नाही. ते अवश्य टिप. पण लेन्स कुणाच्या तोंडासमोर नेऊ नकोस आणि दुखापत झालेल्याभोवती माणसे जमली की कॅमेरा खाली ठेव. बुल्स खेळतात ती ट्रिपल-ए ही मेजर लीग या सर्वोच्च स्पर्धेच्या लगतची खालची पायरी असल्याने इथला प्रत्येक जण बोलावण्याची वाट पाहत असतो, आणि ती ताटकळ चेहऱ्यांवर वाचता येते.

प्रत्येक चित्राखाली खेळाडूचे नाव व जर्सी क्रमांक त्याच रात्री लिहून ठेव. आज डरहॅममध्ये दिसलेला खेळाडू पुढच्या आठवड्यात टॅम्पा बे रेज या बुल्सशी जोडलेल्या मेजर लीग संघाकडे गेलेला असेल, किंवा एक पायरी खाली, मंटगमरीच्या संघात; आणि त्या क्रमांकाची जर्सी दुसऱ्याच कुणाच्या अंगावर असेल.

तुझा हितचिंतक