‘व्हेजिटेबल फो’ म्हणजे व्हेज फो नव्हे

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत नवीन आलोय, बिल्डिंगच्या खालीच व्हिएतनामी हॉटेल आहे, बायको चिकन खाते पण बीफ अजिबात नाही, आई सहा महिन्यांसाठी येतेय आणि ती शुद्ध शाकाहारी, तर तिथे जाऊन मागवायचं काय, असं तुम्ही विचारलंय. सोळा वर्षं याच गावात काढली आहेत, त्यातली पहिली दोन मी मूर्खासारखी काढली, ते आधी सांगतो.

ऑफिसजवळ एक छोटं हॉटेल होतं, तिथे मेनूत ‘व्हेजिटेबल फो’ दिसला (फो म्हणजे तांदळाच्या नूडल्स घातलेलं व्हिएतनामी सूप). आपण खूश. ब्रोकोली, गाजर, टोफू, वर कांद्याची पात, आणि वास असा की घरात कुणीतरी मसाला भाजतंय. दर शुक्रवारी तेच. दोन वर्षांनी ऑफिसातल्या एका व्हिएतनामी मुलीने माझा बाऊल बघितला आणि म्हणाली, अरे तू तर बीफ खात नाहीस ना? भाज्या वरच्या होत्या हो, पण सूप हाडांचंच. हॉटेलवाल्याने खोटं सांगितलं नव्हतं, मीच विचारलं नव्हतं. त्यांच्या हिशोबाने ‘व्हेजिटेबल’ म्हणजे मांसाऐवजी भाज्या, बास.

फोचा सगळा जीव त्या सुपात असतो. बीफची हाडं तासन्‌तास मंद आचेवर, त्यात जाळावर भाजलेला कांदा आणि आलं, आणि मग चक्रीफूल, दालचिनी, लवंग, मसाला वेलची. वास ओळखीचा येतो तो यामुळे, आणि मी फसलो तोही यामुळेच. म्हणून वर काय घालता हे विचारूच नका, सूप कशाचं आहे ते विचारा. बायकोसाठी चिकन फो मागवाल तेव्हाही. चांगल्या ठिकाणी चिकनचं सूप वेगळं असतं, पण काही ठिकाणी एकाच पातेल्यातलं सूप सगळ्या बाऊलमध्ये जातं आणि वर फक्त चिकनचे तुकडे येतात.

शब्द पाठ करा, जास्त नाहीत. बो म्हणजे बीफ, गा म्हणजे चिकन, हेओ म्हणजे डुक्कर, तोम म्हणजे कोळंबी, का म्हणजे मासा. आणि आईंसाठी सगळ्यात महत्त्वाचा शब्द ‘चाय’. चहा नाही, शाकाहारी! ‘फो चाय’ म्हटलंत की त्यांना नीट कळतं, कारण तो बौद्ध परंपरेतला शब्द आहे, त्यात फिश सॉसही बसत नाही. हा फिश सॉस (नुक माम, मासे आणि मीठ मुरवून केलेला) ही दुसरी खोच, तो चटणीत, सॅलडमध्ये, मॅरिनेडमध्ये सगळीकडे असतो, त्यामुळे नुसता टोफू दिसला म्हणून ऑर्डर करू नका. बरेच व्हिएतनामी बौद्ध पौर्णिमा-अमावास्येला चाय पाळतात, आपल्या एकादशीसारखं, आणि त्या दिवशी साध्या हॉटेलांतही कधीकधी चायचे एक-दोन पदार्थ जास्त मिळतात. भिंतीवर कालनिर्णय असेलच, बघून जा. पूर्ण चाय हॉटेलंही आहेत सॅन होजेत, कित्येक ठिकाणी कांदा-लसूणसुद्धा नसतो म्हणजे चातुर्मासाचीही सोय. फक्त तिथे सोयाचं ‘चिकन’ हुबेहूब चिकनसारखं दिसतं, आईंना आधी सांगून ठेवा, माझ्या सासूबाई ताट सरकवून उठल्या होत्या.

फो आवडला नाही तरी बाकी बरंच आहे. बान सेओ म्हणजे आपलं घावनच समजा, तांदळाचं पीठ, हळद, नारळाचं दूध, तव्यावर टाकलं की चर्र होतं म्हणून नाव सेओ. आत कोळंबी आणि डुक्कर असतं, चाय मागितलंत तर मशरूम-टोफू. लेट्यूसच्या पानात गुंडाळून हाताने खायचं. कॉम ताम म्हणजे कणीचा भात, गिरणीत तुटलेला स्वस्त तांदूळ गरिबांचा म्हणून खाल्ला जायचा, आता त्याच्यासाठी लोक रांगा लावतात. आणि नुक मिआ, चक्क उसाचा रस, त्यात छोटं आंबट संत्र्यासारखं फळ पिळतात, आल्या-लिंबाची आठवण काढत काढत प्यायचा.

खायची पद्धत. बाऊलसोबत ताटलीत तुळशीच्या जातीचा पाला, मोड आलेले मूग, लिंबू, मिरची येते. ते सॅलड नाही, पाला हाताने चुरडून गरम सुपात टाकायचा. ही पाल्याची पद्धत दक्षिण व्हिएतनामची, फो मूळचा उत्तरेचा, १९५४ ला देशाची फाळणी झाली तेव्हा लाखो लोक उत्तरेतून दक्षिणेतल्या सायगावकडे आले, त्यांच्याबरोबर फो आला आणि तिथे त्याला हा पाला आणि सॉस चिकटले. मग १९७५ ला सायगाव उत्तरेच्या कम्युनिस्ट फौजांच्या हाती पडलं आणि त्यातले बरेच लोक इकडे. आज व्हिएतनामबाहेर एका शहरात इतके व्हिएतनामी कुठेच नाहीत जितके सॅन होजेत आहेत, लाखाच्या वर. हॉटेलच्या नावात ५४ किंवा ७५ आकडा दिसला तर तो बहुतेक घरनंबर नसतो.

सूप आधी कोरं चाखा, मग लिंबू. बाटलीतलं लाल-काळं सॉस थेट बाऊलमध्ये ओतू नका, छोट्या वाटीत घ्या आणि तुकडे बुडवा. आमटी तोंडात घालायच्या आधीच वरून मीठ घेणाऱ्या पाहुण्याकडे आजी जशी बघायची ना, तसं काउंटरवरच्या काकू बघतात.

दाराजवळ जमिनीवरच लहानसा लाल देव्हारा असतो, आत ढेरपोट्या हसरा भूमीदेव आणि शेजारी धनाचा देव, पुढे फळं, उदबत्ती, कधी कपभर काळी कॉफीसुद्धा. आमच्या चिरंजीवांनी तीन वर्षांचे असताना त्यातलं केळं उचलून सोललं. मी गारठलो. काकूंनी हात जोडून देवाला काहीतरी सांगितलं, त्याला अजून एक केळं दिलं आणि नवीन आणून ठेवलं.

वेटरला हाक मारायची तर ‘ची ओय’, म्हणजे ‘अगं ताई’. त्यांच्याकडेही वयावरूनच हाक ठरते. बिल टेबलवर यायची वाट बघत बसू नका, मी पहिल्यांदा पाऊण तास बसलो होतो, उठून काउंटरवर द्यायचं. थोडी कॅश जवळ ठेवा, काही ठिकाणी कार्ड चालत नाही. आणि पार्सल नेलंत तर सूप वेगळं आणि नूडल्स वेगळ्या देतात, आईंनी सगळं एकत्र करून फ्रिजमध्ये ठेवलं तर सकाळी त्याची खीर झालेली असेल.